मुलाकडून मुलीस, मुलीकडून मुलास

लग्नाच्या याद्या करताना कागदाच्या मधोमध एक उभी रेघ मारतात. वर 'श्री', चारी कोपऱ्यांना हळदकुंकू, आणि रेघेच्या अलीकडे-पलीकडे दोन मथळे: 'मुलाकडून मुलीस' आणि 'मुलीकडून मुलास'. अलीकडे शालू, मंगळसूत्र, जोडवी, विरोद्या. पलीकडे पोषाख, अंगठी, घड्याळ, बूट. तिऱ्हाइताने हा कागद वाचला तर त्याला वाटेल, एक मुलगा नि एक मुलगी समोरासमोर बसून एकमेकांना काय द्यावं याचा खल करताहेत. प्रत्यक्षात मुलगा त्या वेळी ओसरीवर होणाऱ्या मेहुण्याशी क्रिकेटवर बोलत असतो आणि मुलगी आत पोह्यांवर खोबरं पेरत असते. कागद लिहितात मुलाचे काका, हरकत घेतात मुलीचे मामा, आणि "बुटाचा नंबर काय हो?" एवढा एकच प्रश्न ओसरीपर्यंत जातो.

म्हणजे 'मुलाकडून' जे काही जायचं ते मुलाच्या आईच्या पसंतीने, आणि 'मुलीकडून' जे काही यायचं ते मुलीच्या वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडातून. हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कागदावर कोणी लिहीत नाही.

पुढे बस्ता बांधायला दोन्हीकडची मंडळी दुकानात जातात. गादीवर बसून शालू निवडते सासू; तिला अनुमोदन देते जाऊ; आत्याबाई "आमच्या वेळी यापेक्षा जरा भारदस्त काठ असायचे" अशी नोंद करतात. नवरी मुलगीही असते तिथे. तिच्या खांद्यावर साड्या टाकून बघायच्या असतात, त्यासाठी तिला आणलेलं असतं. नवरदेवाचंही तेच. सासरा आणि थोरला साडू त्याला शिंप्याकडे नेतात, आणि कापडाचा रंग सासऱ्याच्या डोळ्यांना जो बरा वाटेल तो. लग्नाच्या दिवशी सासूच्या आवडीच्या साडीतली एक मुलगी, सासऱ्याच्या आवडीच्या सुटातल्या एका मुलाला हार घालते. आमच्या पिढीतली निम्मी लग्नं अशीच लागली, आणि बहुतेक टिकलीही. सासू आणि सासरा यांची आवड इतकी काही वाईट नसावी.

आमच्या वयाच्या कोणत्याही गृहस्थाला विचारून पाहा: "बायकोने लग्नात तुम्हाला काय दिलं?" तो पटकन म्हणेल, "घड्याळ." मग जरा थांबून म्हणेल, "म्हणजे, सासऱ्यांनी." घड्याळ आणि जावई यांचं नातं आपल्याकडे इतकं जुनं आहे की नव्या जावयाचं डावं मनगट हे सासऱ्याच्याच मालकीचं समजलं जाई. आणि या नात्यात सरकारनेही हातभार लावला आहे. 1961 साली आपल्या देशात दोन गोष्टी घडल्या. 1 जुलैपासून हुंडाबंदीचा कायदा अमलात आला, म्हणजे जावयाने घड्याळ मागणं गुन्हा ठरलं. आणि त्याच वर्षी सरकारी मालकीच्या एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला मनगटी घड्याळांचा कारखाना काढला. एका हाताने मागायला बंदी आणि दुसऱ्या हाताने मालाचा पुरवठा. पुढची तीसेक वर्षं सासरेमंडळींनी त्या घड्याळासाठी नंबर लावले, ओळखी काढल्या. मागितलं म्हणून नव्हे बरं का. हौसेनं.

या 'हौसे'चं काय सांगावं. "आम्हाला देवाच्या दयेनं सगळं आहे, तुम्ही तुमच्या मुलीला हौसेनं काय द्यायचं ते द्या," हे वाक्य महाराष्ट्रात ज्या आवाजात उच्चारलं जातं त्या आवाजात नंतर एक छोटा विराम असतो. त्या विरामात फ्रिज मावतो. कायदा करणारे हे जाणून होते. मूळ कायद्यात अशी पळवाट होती की लग्नाच्या वेळी दिलेले कपडे, दागिने, रोकड ही भेट. लग्नाच्या मोबदल्यात दिली तरच तो हुंडा. साहजिकच 1961 नंतर आपल्या देशात कोणीच कोणाला मोबदला दिला नाही, सगळ्यांनी भेटीच दिल्या. मग 1984 मध्ये कायदा बदलला आणि 2 ऑक्टोबर 1985 पासून, गांधीजयंतीच्या मुहूर्तावर, एक नियमावली आली. ती वाचलेला माणूस मला अजून लग्नमंडपात भेटलेला नाही, पण तिच्यात वधूवरांसाठी जे लिहिलंय ते फार्सच्या तोडीचं आहे.

तर त्या नियमांप्रमाणे लग्नाच्या वेळी, किंवा त्यानंतर होता होईल तेवढ्या लवकर, भेटींच्या दोन याद्या करायच्या. वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने ठेवायची, वराच्या भेटींची वराने. प्रत्येक भेटीचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि देणारा नात्यातला असेल तर नातं. खाली दोघांच्या सह्या. कल्पना करा: अक्षता पडल्या आहेत, सनई वाजते आहे, आणि मुंडावळ्या बांधलेलं जोडपं रुखवताच्या टेबलाशी रजिस्टर उघडून बसलं आहे.

"लेमन सेट एक. देणार कोण?"

"तुमची बारामतीची आत्या."

"किंमत काय लावू?"

"शंभर लिहा. एक ग्लास फुटलाय."

आत्या मागेच उभी.

शिवाय त्या कायद्यात आणखी एक गंमत आहे. वधूकडून किंवा तिच्या नातेवाइकांकडून जी भेट जाईल ती रूढीला धरून असावी आणि देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने डोईजड नसावी, असं बंधन आहे. वराकडून वधूला जाणाऱ्या भेटीवर असलं काही बंधन नाही. ही माहिती सर्व उपवर मुलींनी कुठेतरी लिहून ठेवावी.

कायद्यात शिरलोच आहोत तर आणखी दोन पावलं आत जाऊ. पावलंच म्हणतो, कारण सगळा घोळ पावलांचा आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानुसार, जिथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तिथे सातवं पाऊल टाकलं की विवाह पूर्ण होतो. सहाव्या पावलापर्यंत ती दोघं कायद्याच्या दृष्टीने परकी. आता नवरदेवाने नवरीला भेट द्यायची तर ती सातव्या पावलाआधी द्यावी की नंतर? हा प्रश्न भटजींना विचारला तर ते घड्याळ बघतील. चार्टर्ड अकाउंटंटला विचारला तर तो खुर्ची पुढे ओढेल.

प्राप्तिकराचं म्हणणं असं: ज्याचं लग्न आहे त्याला त्या निमित्ताने मिळालेल्या भेटीवर कर नाही. इथवर मंगल. पण नवऱ्याने बायकोला शेअर, ठेव किंवा भाड्याने दिलेलं घर असं काही फुकट दिलं, तर त्यातून येणारं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. म्हणजे ठेव तिची, व्याज तिचं, कर याचा. कित्येकांना हीच संसाराची व्याख्या वाटेल. मात्र यातून एक सुटका आहे, आणि ती सर्वोच्च न्यायालयाने दिलेली आहे. 1947 च्या डिसेंबरात कलकत्त्याच्या एका साहेबाने लग्नाच्या थोडे दिवस आधी आपल्या वाग्दत्त वधूच्या नावावर शेअर करून दिले. लग्न झालं, डिव्हिडंड यायला लागला, आणि कर खातं म्हणालं, बाई तुझी बायको आहे, तेव्हा हे उत्पन्न तुझं. भांडण वरपर्यंत गेलं. 1963 मध्ये न्यायालयाने सांगितलं, ज्या दिवशी शेअर दिले त्या दिवशी ती त्याची बायको नव्हती. सबब उत्पन्न तिचं. सोळा वर्षं! लग्नाची भेट पूर्णपणे बायकोची झाली हे कळायला एवढी वर्षं लागली. मी तर म्हणतो, प्रेमपत्रांच्या पुस्तकात हा निकाल छापावा. बायकोला दिलेलं खरोखर बायकोचंच राहावं यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडलेला नवरा आमच्या नात्यात तरी एकही नाही. भले कर वाचवायला का भांडला असेना.

हे झालं जुन्यांचं. आता मुलं-मुली स्वतः कमावतात, स्वतः निवडतात, आणि लग्नाच्या दिवशी नवरा-नवरीने एकमेकांना गुपचूप भेट द्यायची अशी नवी चाल मोबाइलमधून मंडपात आली आहे. माझ्या भाचीच्या लग्नात ती मी जवळून पाहिली. 'गुपचूप' शब्द मी जपून वापरतोय, कारण वराच्या खोलीतून वधूच्या खोलीत तो खोका गेला तेव्हा पुढे एक व्हिडिओवाला उलटा चालत होता, मागे दुसरा, मधे खोका धरलेली करवली, आणि सगळ्यांत शेवटी नवरदेवाचा मित्र, ज्याच्या हातात नुसताच प्रकाश होता. वधूने खोका उघडला. "अय्या!" म्हणाली. व्हिडिओवाला म्हणाला, "ताई, फोकस गेला. बंद करून परत उघडता का?" ताईंनी तिसऱ्यांदा उघडला तेव्हा 'अय्या' अगदी नैसर्गिक आलं.

खोक्यात एक पेंडंट आणि एक पत्र. पत्र नवरदेवाने स्वतः लिहिलं होतं की मोबाइलकडून लिहवून घेतलं होतं, यावर करवल्यांमध्ये मतभेद होते. पण त्यात 'तुझ्या असण्याने माझ्या असण्याला अर्थ आला' असं काहीतरी होतं, आणि मुलगा बॉयलर इंजिनियर आहे, तेव्हा माझं मत दुसऱ्या पक्षाला. वाचताना भाचीचे डोळे भरून आले. लगेच मेकअपवाली पुढे झाली. "ताई, पापण्यांचा गम अजून ओला आहे. दोनच थेंब हां, आणि आतल्या कोपऱ्यातून." भाचीने ते जमवलं. आजकालच्या मुली कशात म्हणून कमी नाहीत.

आमच्या मावशीने पेंडंट तळहातावर घेतलं. डोळे मिटले. "साडेचार ग्रॅम," ती म्हणाली, "साखळी सोडून. घडणावळ काय लावली?" मावशीला हॉलमार्क लागत नाही, पूर्वी तोळा साडेअकरा ग्रॅमच्या वर होता आणि आता सराफ दहालाच तोळा म्हणतात, याचा राग तिच्या हातात अजून आहे. पण तिचा खरा प्रश्न पुढे होता. "हे दिलं कोणी?"

"मावशी, त्यानेच. स्वतः."

"कोणाच्या पैशातून?"

"स्वतःच्या पगारातून."

"आणि ते जाणार कुठे?"

"म्हणजे? त्यांच्याच घरी."

"मग यात आहेर कुठला?" मावशीने पेंडंट परत केलं. "याच्या खिशातून निघालं नि याच्याच कपाटात गेलं."

मावशीचं अर्थशास्त्र पक्कं आहे. तिच्या मते आहेर म्हणजे जो एका घराचा उंबरा ओलांडून दुसऱ्या घरात जातो, वहीत लिहिला जातो, आणि त्या घरच्या पुढच्या कार्यात अकरा रुपये चढवून परत येतो. तिच्या ट्रंकेत असे ब्लाऊजपीस आहेत ज्यांनी नगर, सोलापूर, सातारा असा प्रवास करून, एकदाही कात्री न लागता, तिच्याच ओटीत परत मुक्काम केला आहे. एकाच घरात राहणाऱ्या दोन माणसांनी एकमेकांना आहेर करावा, हे तिला एका बँकेतल्या दोन खात्यांत पैसे फिरवण्यापैकी वाटतं. त्यात, भाचीने मला नंतर सांगितलं तसं, दोघांनी आधी व्हॉट्सॲपवर ठरवलंच होतं: बजेट ठरलेलं, तिला रोझ गोल्ड चालेल पण गुलाबी खडे नकोत, त्याला काय हवं त्याची लिंक त्याने पाठवलेली. "सरप्राइज हवंच, पण एक्सचेंज होणारं." म्हणजे याद्या झाल्याच की! उभी रेघ तेवढी नव्हती, आणि हरकत घ्यायला मामा नव्हता. म्हणजे मी. मला कोणी विचारलंच नाही.

आणि तिने त्याला काय दिलं असेल? घड्याळ! साठ वर्षांत कायदे बदलले, सासरा बाजूला झाला, पण मनगट सुटलं नाही. फक्त आताचं घड्याळ वेळ सांगून थांबत नाही. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं तिसऱ्या कडव्यात, पाहुण्यांपैकी एका हौशी काकूंचा स्वर वर चढलेला, आणि नवरदेवाचं मनगट थरथरलं: 'दीर्घ श्वास घ्या.' त्याने घेतला. पुढे सप्तपदीत त्याची सात पावलं घड्याळाने इमानाने मोजली, आणि विहीणबाईंची पंगत बसेपर्यंत कळवलं की आज आपली हालचाल नेहमीपेक्षा कमी आहे.

मी या नव्या चालीची टर उडवतोय असं वाटत असेल तर तसं नाही. नवऱ्याने नवरीला आणि नवरीने नवऱ्याला परस्पर काही द्यावं ही कल्पना चांगलीच आहे, आणि ती कालची नाही. रोमन इतिहासकार टॅसिटसने पहिल्या शतकाच्या अखेरीस जर्मन टोळ्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात त्यांच्या लग्नांचं वर्णन आहे. तिथे नवरा नवरीला भेट देई: बैल, लगाम घातलेला घोडा, ढाल, भाला आणि तलवार. आणि नवरीही उलट त्याला एखादं शस्त्र देई. संसारात पुढे काय वाढून ठेवलंय याचा इतका स्वच्छ अंदाज मला दुसऱ्या कुठल्या आहेरात दिसला नाही. दोघांनाही शस्त्र, म्हणजे सामना बरोबरीचा. आणि लिंक पाठवण्याची भानगड नाही. बैल एक्सचेंज होत असतील.

आपल्याकडेही दोघांतली देवाणघेवाण होतीच. फक्त कोणी तिला भेट म्हटलं नाही, आणि दोघांना विचारलं नाही. पहिली भेट म्हणजे उष्टी हळद. आधी नवरदेवाला हळद लावायची, आणि त्याच्या अंगाला लागून उरलेली वाटीत घालून, सवाशिणींच्या हाती, वाजतगाजत नवरीकडे पाठवायची. बघा म्हणजे: आयुष्यातली पहिली वस्तू तो तिला पाठवणार, आणि तीही उष्टी. पूर्वी ही वाटी एका गावाहून दुसऱ्या गावी जायची. आता दोघांची हळद एकाच लॉनवर, एकाच पिवळ्या छताखाली, एकाच डीजेच्या आवाजात असते, त्यामुळे उष्टी हळद चार खुर्च्या ओलांडून जाते. तरी सवाशिणी ती वाटी दोन्ही हातांनी धरतात आणि वाटेत नाचणाऱ्यांना "बाजूला व्हा रे" म्हणतात, हे मला आवडतं.

दुसरी भेट तर आणखीच अजब. नवरा बायकोला लग्नाच्या दिवशी चक्क नवं नाव द्यायचा. आडनाव नव्हे हो, ते तर मिळतंच. चांगलं वीस वर्षं वापरलेलं, हाकेला ओ देणारं पहिलं नाव काढून नवं. ताटात तांदूळ पसरायचे आणि अंगठीने त्यात लिहायचं. माहेरची शकुंतला सकाळी मंडपात शिरायची आणि संध्याकाळी सुनंदा होऊन बाहेर पडायची. नाव अर्थात सासूने ठरवलेलं. घरात आधीच एक सुनंदा असेल तर मंदा. नवरदेवाचं काम शुद्धलेखनाचं, तेही तांदळात, जिथे ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. ही भेट परत करता येत नसे, बदलून मिळत नसे. माझ्या आईला साठीतसुद्धा माहेरच्या कोणी जुन्या नावाने हाक मारली की ती एका क्षणात परकर-पोलक्यातली होत असे. अशा रीतीने त्या दिवशी त्याने तिचं नाव ठेवलं, आणि तिने त्याला नावं ठेवायला रीतसर सुरुवात थोडी नंतर केली.

ही चाल आता मागे पडली. समाजसुधारकांनी बरंच लिहिलं, भाषणं केली; पण माझ्या मते तिचा कणा मोडला तो पॅन कार्डाने. पासपोर्ट, बँक, आधार, कंपनीची ओळखपत्रं, सगळीकडे नाव बदलायचं, राजपत्रात छापून आणायचं, या कल्पनेनेच उभय पक्ष शहाणे झाले. भाचीच्या लग्नातही तांदळाचं ताट आलं. नवरदेवाने अंगठीने जे नाव लिहिलं ते तिचंच, आधीचंच. भटजी म्हणाले, "नवीन?" भाची म्हणाली, "हेच. केवायसी झालेलं आहे."

तिसरी भेट मात्र खरी उलट्या दिशेची: उखाणा. ज्याचं नाव एरवी तोंडाने घ्यायचं नाही ते त्या दिवशी यमकात गुंफून, भर पंगतीत, घास हातात धरून घ्यायचं. विड्याचं दुसरं टोक दातांनी तोडायचं, मुठीतली सुपारी सोडवायची, हे सगळे खेळही त्यातलेच. मोठ्यांनी आखलेल्या दिवसात दोघांना एकमेकांच्या चार बोटं जवळ जायची ती सोय होती. आता उखाणे मोबाइलमधून उतरवतात, तेच चांदीचं ताट आणि तीच महादेवाची पिंड. पण भाचीने स्वतःचा केला, आणि तो मला फार पसंत पडला: "मॅनेजर आला कार्यालयाचे दिवे मालवायला, अमुकरावांचं नाव घेते, सोडा आता जेवायला." रावांचं नाव गाळलं आहे, नाहीतर ते माझ्याशी बोलायचे नाहीत.

आणि आपल्याकडे एक भेट अशीही आहे जिची कोणी रील केलेली नाही. महात्मा फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 ला सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीला भटजीवाचून पहिला सत्यशोधक विवाह लागला. फुल्यांनी त्या विवाहांसाठी रचलेली मंगलाष्टकं ही वधूवरांचं बोलणं आहे. वधू स्त्रियांचे हक्क मागते, आणि वर ते देण्याची सगळ्यांसमोर शपथ घेतो. दीडशे वर्षं झाली. त्यात सासू नाही, सासरा नाही, ग्रॅम नाहीत. मात्र ही भेट देताना नवरदेवाची भंबेरी उडू शकते, कारण शपथेला एक्सचेंज पॉलिसी नसते. बहुधा म्हणूनच पेंडंटचा खप जास्त.

आता भाचीच्या लग्नातली ती गोष्ट, जिच्यासाठी मी एवढा वेळ बोलतोय. अक्षता दुपारी बाराच्या सुमाराला पडल्या. त्यानंतर दोघांना व्यासपीठावरच्या लाल मखमली सोफ्यापुढे उभं केलं, आणि खाली रांग लागली. पाहुणे लिफाफा देत, फोटो काढत, "ओळखलंस का?" विचारत. नवरदेव "हो हो" म्हणे. आहेर आणू नये अशी विनंती पत्रिकेत ठळक होती, त्यामुळे लिफाफे जरा पातळ होते एवढंच. सकाळपासून दोघांच्या पोटात चहा आणि होमाचा धूर. दोन वाजले, सव्वादोन वाजले. रांगेतली मंडळी व्यासपीठावरून उतरून थेट जिलबीकडे जात, ते दोघांना वरून नीट दिसत होतं.

मी सोफ्यामागे लिफाफ्यांची पिशवी धरून बसलो होतो. मामाला तेवढं काम देतात. तिथून मी पाहिलं. नवरदेवाने शेरवानीच्या आतल्या खिशातून काहीतरी काढलं आणि एक कुटुंब उतरून दुसरं चढेपर्यंतच्या वेळात भाचीच्या हातात सरकवलं. राजगिऱ्याची चिक्की. तिने पदर तोंडाशी नेला. त्यापुढच्या वीसएक फोटोंत नवरीचा डावा गाल फुगलेला आहे. अल्बमवाल्याने विचारलं, दुरुस्त करू का? थोड्या वेळाने तिने पर्समधून चिकटपट्टी काढून त्याला दिली. नवी मोजडी चावत होती त्याला. तो पुढचे पाहुणे येईपर्यंत खाली वाकला, आणि मावशी खालून कौतुकाने म्हणाली, "बघा, थोरांच्या पाया पडायला किती तत्पर आहे." या देवाणघेवाणीवर एकही कॅमेरा नव्हता. दोन्ही व्हिडिओवाले जेवायला गेले होते.

मावशीने विचारलंच तर सांगेन, चिक्की पाच रुपयांची, चिकटपट्टी दोनची, आणि 1985 च्या नियमांप्रमाणे दोन्हींची यादीत नोंद व्हायला हवी होती. नातं: सातवं पाऊल झालेलं होतं, तेव्हा पती आणि पत्नी.

तर वाचकहो, या मोसमात तुम्ही लग्नाला जालच. त्या दोघांनी एकमेकांना काय दिलं, किती ग्रॅम, कुठून घेतलं, हे विचारू नका; ते संध्याकाळपर्यंत मोबाइलवर दिसेलच. व्यासपीठावर चढलात की लिफाफा द्या, एक फोटो काढा, 'ओळखलंस का' विचारू नका आणि उतरा. अंगात थोडं धारिष्ट असेल तर रांग थांबवून त्या दोघांना आधी पानावर बसवा. कार्यालय पाचला रिकामं करून द्यायचं असतं, आणि केटररची माणसं साडेतीनलाच जिलबीची परात उचलतात.